वीस शिलिंगांचा खटला: जहाजपट्टी नाकारणारा जॉन हॅम्पडन

ब्रिटनच्या संसदेचं नवं अधिवेशन सुरू झालं की एक व्हिडिओ हमखास फिरतो. काळा पोशाख केलेले एक अधिकारी हातात काळी काठी घेऊन लांबलचक दालनातून रुबाबात चालत येतात. राजाने त्यांना खासदारांना बोलवायला पाठवलेलं असतं. ते हाऊस ऑफ कॉमन्सच्या दाराशी पोचतात आणि नेमकं त्याच वेळी दार त्यांच्या तोंडावर धाडकन आपटलं जातं. मग काठीने तीनदा ठोठावल्यावर कुठे आत घेतात.

पाहणाऱ्याला वाटतं, हा काय पोरखेळ! राजाने पाठवलेल्या माणसाशी कोणी असं वागतं का? पण या दारामागे ४ जानेवारी १६४२ ही तारीख आहे. त्या दिवशी राजा पहिला चार्ल्स स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन पाच खासदारांना पकडायला कॉमन्समध्ये घुसला होता. त्या पाचांपैकी एक होता जॉन हॅम्पडन, बकिंगहॅमशर परगण्यातला मोठा जमीनदार. राजाचा त्याच्यावर एवढा राग का, याचं उत्तर एका करात सापडतं. रक्कम होती अवघी २० शिलिंग, म्हणजे १ पौंड.

हा हॅम्पडन कोण?

जन्म १५९५ च्या आसपासचा. वडील तो लहान असतानाच वारले आणि चिल्टर्नच्या टेकड्यांमधली वाडवडिलांची जमीन त्याच्याकडे आली. आई एलिझाबेथ ही क्रॉमवेल घराण्यातली. पुढे ज्याने राजेशाहीच मोडीत काढली, तो ऑलिव्हर क्रॉमवेल म्हणजे या जॉनचा सख्खा मामेभाऊ. शिक्षण ऑक्सफर्डला, मग लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या संस्थेत थोडा कायदा. वकिली करायला नव्हे. जमीनदाराच्या पोराला कज्जेखटले कळावेत म्हणून तेव्हा तशी रीतच होती.

१६२१ मध्ये तो पहिल्यांदा खासदार झाला. सभागृह दणाणून सोडणारा हा माणूस नव्हता. एडवर्ड हाइड, म्हणजे पुढचा लॉर्ड क्लॅरेंडन, हा राजाच्या बाजूचा. त्याने हॅम्पडनबद्दल लिहिलंय ते वाचताना मला आपल्याकडचे काही मुरब्बी सहकारसम्राट आठवतात. हॅम्पडन स्वतःचं मत कधी ठासून मांडायचा नाही. नुसत्या शंका विचारायचा. समोरचा बोलता बोलता हॅम्पडनला हवं तिथे येऊन पोचायचा आणि हे आपलंच मत, असं समजून घरी जायचा.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: या गोष्टीतल्या खटल्याचा निकाल लागला तेव्हा शिवाजी महाराज आठ वर्षांचे होते.

घरपट्टी, पाणीपट्टी, जहाजपट्टी

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये राजाचा खर्च त्याच्या जमिनींवर आणि जकातीवर चाले. जास्त पैसा हवा असेल तर संसद बोलवायची आणि तिच्याकडून कर मंजूर करून घ्यायचा. अडचण अशी, की संसद बोलावली की ती आधी तक्रारी काढायची, मग पैशांचं बोलायची. चार्ल्सला हे अजिबात खपत नसे.

१६२६-२७ मध्ये त्याने संसदेला टाळून श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज मागितलं. हॅम्पडनने नकार दिला आणि तुरुंगात गेला. १६२८ मध्ये संसदेने 'पिटिशन ऑफ राइट' हा दस्तऐवज राजाकडून मान्य करून घेतला. संसदेच्या संमतीशिवाय कर किंवा सक्तीचं कर्ज नाही, हे त्यातलं मुख्य कलम. राजाने होकार दिला. पुढच्याच वर्षी संसद बरखास्त केली आणि ११ वर्षं बोलावलीच नाही. हॅम्पडनचा जिवलग मित्र, खासदार जॉन एलियट, याला लंडनच्या टॉवरमध्ये डांबलं. तो १६३२ मध्ये तिथेच वारला. एलियट कैदेत असताना त्याच्या मुलांकडे हॅम्पडन बघत होता.

पण संसद नाही म्हणून खर्च थोडाच थांबतो? दरबारातल्या कायदेपंडितांनी जुनी दप्तरं उपसली आणि त्यात एक प्रथा सापडली. युद्धाचं संकट आलं की राजा किनाऱ्यावरच्या बंदरांना हुकूम काढायचा: इतकी जहाजं, इतकी माणसं द्या. जहाज नसेल तर त्याचे पैसे द्या. याला इंग्रज 'शिप मनी' म्हणत. आपण घरपट्टी, पाणीपट्टी म्हणतो त्याच चालीवर मी जहाजपट्टी म्हणतो.

१६३४ मध्ये ही पट्टी फक्त किनाऱ्यावर बसवली. फार कोणी कुरकुरलं नाही. १६३५ मध्ये राजाने ती सगळ्या देशावर बसवली. बकिंगहॅमशरला समुद्राचा थेंब नाही. तरी त्या परगण्याला हुकूम आला: ४५० टनांचं जहाज आणि १८० माणसं द्या, नाहीतर ४,५०० पौंड भरा. वसुली शेरीफच्या, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या, गळ्यात. (मुंबईत शेरीफ हे बिनकामाचं मानाचं पद होतं, तिथल्या शेरीफला मात्र कमी पडलेल्या रकमेसाठी स्वतः जबाबदार धरत.) त्यानंतर दरवर्षी हुकूम निघू लागले. संकटासाठी असलेली पट्टी वार्षिक झाली.

आमच्या सोसायटीचा पंप

हे प्रकरण मला खरं समजलं ते आमच्या सोसायटीमुळे. ए विंगच्या खाली पाण्याचा पंप आहे. एका वर्षी चेअरमननी नोटीस लावली: पंप धोकादायक अवस्थेत, ए विंगने तातडीचा निधी म्हणून प्रत्येकी ८०० रुपये द्यावेत. दिले लोकांनी. पुढच्या वर्षी तीच नोटीस बी आणि सी विंगलाही. पाणी सगळेच पितात ना! तिसऱ्या वर्षी पुन्हा. सर्वसाधारण सभा मात्र काही केल्या होईना. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: अहो, पंप कधीही बसेल, सभेची वाट कुठे बघत बसता?

पंप जुना होता हे खरं. ८०० रुपये काही फार नव्हते हेही खरं. मग डाचत काय होतं? संकट आहे की नाही हे चेअरमनच ठरवणार. किती पैसे लागतील हेही तेच ठरवणार. आणि ज्या सभेत त्यांना हे विचारता आलं असतं, ती सभा बोलवायची की नाही हेसुद्धा तेच ठरवणार. चेअरमनच्या जागी राजा आणि सभेच्या जागी संसद ठेवा, खटला तयार.

ग्रेट किंबलची यादी

बकिंगहॅमशरमधलं ग्रेट किंबल हे टेकडीच्या उतारावरचं छोटं गाव. १६३६ च्या जानेवारीत तिथे पट्टी न भरणाऱ्यांची यादी तयार झाली. सर्वांत वर हॅम्पडनचं नाव, रक्कम ३१ शिलिंग ६ पेन्स. खाली गावातल्या शेतकऱ्यांची नावं, कोणाकडे काही शिलिंग, कोणाकडे काही पेन्स. आणि गंमत म्हणजे ज्यांनी आकारणी केली आणि ज्यांनी वसुली करायची, त्या माणसांची नावंही थकबाकीदारांत! म्हणजे तलाठ्यानेच स्वतःला यादीत टाकल्यासारखं. मला या सगळ्या प्रकरणात हा कागद सर्वांत जास्त आवडतो.

हॅम्पडनची जमीन अनेक गावांत असल्यामुळे प्रत्येक गावात वेगळी आकारणी होती. सरकारने खटल्यासाठी निवडली ती स्टोक मँडेव्हिल गावातल्या जमिनीवरची, २० शिलिंगांची. (हो, तेच गाव. १९४८ मध्ये तिथल्या हॉस्पिटलात जखमी सैनिकांच्या स्पर्धा झाल्या आणि त्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं.)

कोर्टात काय झालं?

नोव्हेंबर १६३७ मध्ये देशातल्या १२ वरिष्ठ न्यायाधीशांपुढे सुनावणी सुरू झाली. ते न्यायाधीश नेमायचा राजा आणि मर्जी फिरली की काढायचाही राजाच. शिवाय राजाने खटल्याआधीच त्यांचं मत लेखी मागवलं होतं आणि बाराही जणांनी त्याच्या बाजूने सही केली होती. आधी निकाल, मग सुनावणी, असाच मामला होता तो.

राजाच्या वकिलांचं म्हणणं साधं होतं. देशाचं रक्षण हे राजाचं काम आहे. धोका आला की रक्षणासाठी लागेल ते मागायचा हक्क त्याला आहे. आणि धोका आला की नाही, हे ठरवणारा एकटा राजा.

हॅम्पडनच्या बाजूने ऑलिव्हर सेंट जॉन नावाचा जेमतेम चाळिशीचा वकील उभा राहिला. त्याने राजाला धोका ओळखायचा हक्कच नाही असं काही म्हटलं नाही. तसं बोलला असता तर बहुधा तोच आत गेला असता. त्याने कॅलेंडर काढलं. हुकूम निघाला ऑगस्ट १६३५ मध्ये. जहाजं तयार हवी होती मार्च १६३६ पर्यंत. मधे सात महिने. संसद बोलवायला लागतात ४० दिवस. शत्रू किनाऱ्यावर उतरलाय आणि वेळच नाही, असं असतं तर गोष्ट वेगळी. पण जहाज बांधायला सात महिने थांबता येतं, तर संसदेसाठी ४० दिवस का थांबता येत नाही?

इतका सरळ मुद्दा खोडायला न्यायाधीशांना महिनोन् महिने लागले. १६३८ च्या पहिल्या सहामाहीत एकेक करून त्यांनी मतं दिली. त्यातल्या बर्कलीने तर सांगून टाकलं की कायदा म्हणजे राजा असं मी कधी ऐकलेलं नाही, पण राजा म्हणजे कायदा हे अगदी खरं आहे. जूनमध्ये शेवटचा आकडा आला: राजाच्या बाजूने ७, हॅम्पडनच्या बाजूने ५. पाचांपैकी क्रोक आणि हटन हे दोघे पट्टीच बेकायदा म्हणाले. उरलेल्यांत कोणी तांत्रिक खोट काढून हॅम्पडनला सोडवलं.

"एवढा श्रीमंत माणूस, २० शिलिंगांसाठी कशाला भांडला?"

शेतमजुराला तेव्हा दिवसाला साधारण १ शिलिंगाच्या आतबाहेर मजुरी मिळे. म्हणजे २० शिलिंग हा त्याचा जवळजवळ महिन्याचा घास. हॅम्पडनला मात्र ही रक्कम किरकोळ होती. खरं तर म्हणूनच हा खटला झाला. गरीब शेतकरी राजाशी कोर्टात लढूच शकत नव्हता. त्याची गाय जप्त झाली की विषय संपला. लढायला पैसा, वकील आणि वेळ असलेला माणूस लागतो.

ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने १७७४ मध्ये अमेरिकेवरच्या करांबद्दल बोलताना हाच मुद्दा काढला होता. २० शिलिंगांनी हॅम्पडनचं दिवाळं निघालं असतं का? नाही. पण ज्या तत्त्वावर ते मागितले होते त्या तत्त्वावर १० शिलिंग जरी भरले असते, तरी तो गुलाम झाला असता.

"पण आरमार तर हवंच होतं ना?"

हवंच होतं. राजावर फार अन्याय नको. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे चाचे खरोखर येत होते. १६३१ मध्ये त्यांनी आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावावर रात्री छापा घालून शंभरावर माणसं अल्जियर्सला गुलाम म्हणून नेली. आणि जहाजपट्टीचा पैसा राजाने खरंच आरमारावर खर्च केला, चैनीत उडवला नाही. त्याच सुमाराला, १६३७ मध्ये, शंभर तोफांचं 'सॉव्हरिन ऑफ द सीज' हे सोनेरी नक्षीकामाचं प्रचंड जहाज पाण्यात उतरलं.

म्हणजे काम योग्य, खर्चही बऱ्यापैकी प्रामाणिक. तरीही प्रश्न उरतोच, कारण हॅम्पडनने कामाबद्दल तक्रारच केली नव्हती. राजा आज चांगल्या कामासाठी न विचारता घेतो, उद्या तो वाईट कामासाठी घेईल तेव्हा त्याला कोणत्या कायद्याने अडवणार?

"हरला, तर मग नाव कशाचं?"

बारापैकी पाच न्यायाधीश, नोकरी राजाच्या हातात असताना, राजाच्या विरुद्ध गेले. लोकांनी यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ पूर्ण वसूल होणारी पट्टी निकालानंतर घसरत गेली आणि १६३९ च्या हुकुमाची तर जेमतेम पाचवा हिस्सा वसुली झाली. क्लॅरेंडनने स्वतः कबूल केलंय की या निकालाने जिंकलेल्या राजापेक्षा हरलेल्या माणसाचाच जास्त फायदा झाला.

तेवढ्यात स्कॉटलंड पेटलं. चार्ल्सने तिथल्या चर्चवर इंग्लिश धर्तीची प्रार्थनापोथी लादली आणि स्कॉट लोक लढायला उभे राहिले. आता सैन्याला पैसा हवा, आणि तो पट्टीतून येईना. झक मारत १६४० मध्ये संसद बोलवावी लागली. पहिली तीन आठवड्यांत मोडली, दुसरी नोव्हेंबरमध्ये बसली. तोवर हॅम्पडनचं नाव देशभर झालं होतं. हे गलबत आता हाच हाकणार, अशा नजरेने लोक त्याच्याकडे पाहत होते, असं क्लॅरेंडन लिहितो. जहाजपट्टी न भरणाराच तांडेल झाला! १६४१ मध्ये संसदेने कायदा करून जहाजपट्टी बेकायदा ठरवली आणि त्या सात न्यायाधीशांचा निकालही रद्द केला.

दार आपटण्याचा दिवस

आता ती जानेवारीची दुपार. पिम, हॅम्पडन, होल्स, हेझलरिग आणि स्ट्रोड या पाचांवर राजाने राजद्रोहाचा आरोप ठेवला होता. राजा निघाल्याची खबर आली तेव्हा पाचही जण सभागृहात होते. चौघे उठले. स्ट्रोड हटून बसला, तेव्हा एका मित्राने त्याला झग्याला धरून बाहेर ओढलं. थेम्सवर होडी उभी होती.

राजा आत आला. सोबतची माणसं दाराशी थांबली, पण दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, तलवारी दिसाव्यात म्हणून. स्पीकर विल्यम लेंथॉल यांना तो म्हणाला, तुमची खुर्ची जरा उसनी घेतो. मग त्याने बाकांवर नजर फिरवली. पाखरं उडून गेलेली दिसतायत, असं तोच म्हणाला. कुठे गेले, म्हणून लेंथॉलना विचारलं. लेंथॉल गुडघ्यावर बसले आणि म्हणाले की या जागेवर मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, सभागृह सांगेल तेवढंच. याआधी स्पीकर हा बराचसा राजाचाच माणूस समजला जाई. राजा रिकाम्या हाताने परतला आणि मागून खासदार ओरडत राहिले: विशेषाधिकार! विशेषाधिकार!

आठवडाभरात बकिंगहॅमशरहून हजारो लोक हॅम्पडनच्या पाठीशी उभं राहायला लंडनला आले. राजाने लंडन सोडलं. ऑगस्टमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी सुरू झाली.

चॅल्ग्रोव्हचं शेत

हॅम्पडनने आपल्या भागातून पायदळाची पलटण उभारली, हिरव्या डगल्यांची. १८ जून १६४३ च्या सकाळी ऑक्सफर्डजवळ चॅल्ग्रोव्हला राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट याच्या घोडदळाशी गाठ पडली. आपली पलटण सोबत नसतानाही हॅम्पडन दुसऱ्यांच्या तुकडीत शिरून लढला. चकमक संपायच्या आतच तो मान खाली घालून, दोन्ही हात घोड्याच्या मानेवर टेकवून, एकटाच मैदानाबाहेर जाताना दिसला. तो असा मधेच जाणाऱ्यातला नव्हता, म्हणून पाहणाऱ्याने ओळखलं की लागलंय. सहा दिवसांनी टेम गावात तो गेला. शत्रूच्या गोळ्या खांद्यात घुसल्या की त्याचंच पिस्तूल हातात फुटलं, हा वाद एवढा टिकला की १८२८ मध्ये त्याचा चरित्रकार लॉर्ड न्यूजंटने ग्रेट हॅम्पडन या गावच्या चर्चमध्ये चक्क एक थडगं उकरलं. आत देह सापडला. तो हॅम्पडनचाच का, यावर नवा वाद सुरू झाला.

"म्हणजे तो लोकशाहीवादी होता तर?"

नाही हो. परगण्याच्या निवडणुकीत मत द्यायला वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन लागे, आणि त्याला हॅम्पडनने काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. तो भांडत होता तो मालमत्ता असलेल्यांच्या हक्कासाठी. आणि आणखी एक कडू गोष्ट: यादवीत संसदेने स्वतः जे कर बसवले, दर आठवड्याची आकारणी आणि मग बिअरपासून अनेक वस्तूंवर अबकारी, ते जहाजपट्टीपेक्षा कितीतरी भारी होते. शेतकऱ्याच्या खिशाला विचाराल तर राजाच बरा होता.

आपल्या बाजूने पाहिलं तर ही गोष्ट आणखी खटकते. याच चार्ल्सच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, लग्नात मुंबई आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. ज्यांच्या देशात न विचारता १ पौंड मागितला म्हणून एवढं रामायण घडलं, त्यांनी इथे शेतसारा आणि मिठावरचा कर पिढ्यान् पिढ्या न विचारताच घेतला. हॅम्पडनचा मुद्दा आपल्या कायद्यात आला तो थेट राज्यघटनेतून. कलम २६५: कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, वसूलही करता येत नाही. एका वाक्याचं कलम आहे.

हे सगळं मी आमच्या चेअरमनना जिन्यात गाठून सांगितलं. सात महिने आणि ४० दिवसांचा हिशेब तर अगदी रंगवून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण सी विंगमधून तुमचे एकट्याचेच आठशे यायचे राहिलेत."